मान्सूनचा आस आणि दोन फायली

पावसाळ्यातील आढावा बैठकांमध्ये मला नेहमी एक विसंगती जाणवत आली आहे. टंचाईची फाईल एका मेजावर असते, पुराची दुसऱ्या. टिपणे वेगळी, अधिकारी वेगळे, निधीची मागणीही वेगळी. वास्तविक गंगेच्या खोऱ्यात या दोन्ही फायली अनेकदा आकाशातील एकाच घटनेतून जन्माला येतात.

वायव्य भारतापासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला कमी दाबाचा पट्टा, म्हणजेच मान्सूनचा आस, आपल्या जागी असला की उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे त्याच्या आधाराने पश्चिम-वायव्येकडे सरकतात आणि मध्य भारत भिजतो. हाच आस हिमालयाच्या पायथ्याशी गेला की पावसात खंड पडतो. चंबळ व शोणच्या खोऱ्यांतील शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो आणि त्याच आठवड्यात कोसी, गंडक, बागमती दुथडी भरून वाहू लागतात.

याहून विशाल चक्र प्रशांत महासागरावर फिरत असते. गिल्बर्ट वॉकर यांनी हवामान खात्याचे प्रमुख असताना या दूरस्थ संबंधांचा पाठपुरावा केला. तथापि हा संबंध यांत्रिक नाही. १९९७ साली एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ साली तो तितका प्रबळ नसताना जुलैचा पाऊस जवळपास निम्म्यावर आला. म्हणूनच देशाच्या सरासरीवरून जिल्ह्याचे नियोजन करणे धोक्याचे ठरते. पूर आणि अवर्षण यांची बेरीज कागदावर 'सामान्य' दिसू शकते.

अर्थात सर्व दोष आकाशाच्या माथी मारता येत नाही. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा तटबंध फुटला, तेव्हा नदीचा प्रवाह आराखड्यातील क्षमतेपेक्षा कितीतरी कमी होता. तेथे वारे नव्हे, देखभाल कमी पडली.

हवामान खाते आता दर आठवड्याला पुढील काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज प्रसिद्ध करते. त्यात खंडाची चाहूल लागताच दक्षिणेकडील जिल्ह्यांनी आपत्कालीन पीक नियोजन हाती घ्यावे आणि उत्तरेकडील जिल्ह्यांनी तटबंधांवर गस्त वाढवावी, असा एकच आदेश एकाच मेजावरून निघावयास हवा. यासाठी नवा विभाग नको, नवा निधीही नको. दोन फायली एकत्र वाचल्या जाव्यात, इतकेच.