ऋद्धीची किंमत



मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या जेवणाच्या टेबलावर वीस बाजूंचे फासे लोळत होते. सासूबाईंच्या कपाळावर लगेच आठ्या! सप्तव्यसनांत पहिलं नाव जुगाराचंच ना. यात पैज नाही, पैसे नाहीत, हा गोष्ट रचायचा खेळ आहे, हे त्यांना पटवायला लेकीला दोन दिवस लागले. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि बेत साधला की फसला ते फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, तेव्हापासूनचा हा प्रकार.

लेकीला आपल्या पुराणांवरून असा खेळ करायचा होता. मुनिराजांचं सोंग कुणी घ्यायचं नाही, अविनय होतो, एवढं मी आधीच बजावलं. मग तिने ‘साधक’ केला. नियम लिहिला: साधकाकडे दहा तपोबल, शक्ती वापरली की दोन कमी, रात्री झोपलं की पुन्हा दहा.

मी मेथी निवडत होते. हसूच आलं. “अगं, तप झोपून भरून येतं होय?”

“त्या खेळातल्या जादूगारांचं तसंच असतं,” ती म्हणाली. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये मात्र मंत्र म्हटला की माणसाचं डोकं थोडं थोडं ताळ्यावरून सुटत जातं. “आपल्याकडे काय किंमत लावू, आई?”

तिला विष्णुकुमार मुनींची कथा आठवायला सांगितली. रक्षाबंधनाला आपण दरवर्षी ऐकतो तीच. हस्तिनापुरात बलीने सातशे मुनींवर उपसर्ग मांडला, तेव्हा विक्रिया ऋद्धी असलेले विष्णुकुमार वामन होऊन तीन पावलं जमीन मागायला गेले. मुनी वाचले. पण त्यासाठी त्यांना मुनिपद सोडावं लागलं, आणि नंतर प्रायश्चित्त घेऊन पुन्हा दीक्षा. इतक्या चांगल्या कामालाही सूट नाही! लहानपणी मला हा भाग अन्यायाचा वाटायचा.

लेकीने गुण खोडले. नवा नियम: ज्या व्रतातून शक्ती आली, तेच व्रत मोडतं. पुन्हा पहिल्या पायरीपासून.

“आणि रागाने वापरली तर?”

मग द्वीपायन मुनी आले. दारू प्यालेल्या यादवकुमारांनी त्यांना दगड मारले, त्यांच्या क्रोधातून तेज निघालं, द्वारका जळाली आणि त्यात तेही जळाले. तिने लिहिलं: रागाने वापरलेल्या शक्तीला फासा टाकायचा नाही, ती नेहमी साधते, पात्र मात्र संपतं.

चौथा भिडू कमी पडला म्हणून मलाच बसवलं. गोष्ट पुतण्या सांगत होता. माझी साधिका तीन दिवस चालून गावात पोचली, तर सावकार तिला सगळ्यांदेखत म्हणाला, “तुझ्या उपवासांचं कौतुक तुझ्या घरात ठेव.”

हे वाक्य त्याने कुठून आणलं, देव जाणे. गेल्या भाद्रपदात जवळपास हेच मला माझी जाऊ, म्हणजे त्याचीच आई, म्हणाली होती. क्षमावाणीला मी नव्वद जणांना फोनवरून ‘उत्तम क्षमा’ पाठवलं होतं. तिचा नंबर तेवढा गाळला होता.

“जाळून टाकते त्याला,” मी म्हणाले. खेळातच, पण आवाज खेळातला नव्हता. मुलं गप्प झाली.

“काकू, राग आहे का?” पुतण्याने हळूच विचारलं. नियमाप्रमाणे विचारावंच लागतं.

खोटं बोलता आलं असतं. पण लेक बघत होती. “आहे,” म्हटलं.

सावकार जळाला. पुतण्याने माझा कागद ओढून घेतला, खोडरबराने साधिकेचं नाव पुसलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. नवीन पात्र, शून्य तप.

सूर्यास्ताला तासभर होता, पानं घ्यायची होती. उठता उठता मी त्याला विचारलं, “तुझी आई मंदिरातून किती वाजता येते रे हल्ली?”