नळीचं पान

"विमानाला गॅस इंजिन बसवायचंय," असं मी म्हटलं, तेव्हा भाईजान गॅरेजच्या दारात बसून एका फवारणी पंपाचा कार्बोरेटर धूत होते. मान वर न करता म्हणाले, "गॅसका इंजन? और सिलिंडर कहाँ रखेगा? पायलटके मांडीपर?"

मी पडलो भाषेचा मास्तर. लगेच खुलासा केला. अमेरिकेत पेट्रोलला गॅसोलिन म्हणतात, त्याचं बोलण्यात झालं गॅस. मॉडेल विमानं उडवणाऱ्यांनी तो शब्द तसाच उचलला. म्हणजे हे साधं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. भाईजान हसले. "फिर पेट्रोलका बोल ना. खालीपिली घाबरवलास."

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी भाईजानचं छोटं गॅरेज आहे. द्राक्षबागांचे फवारणी पंप, गवत कापायची यंत्रं, जुन्या स्कूटर, सगळं तिथं येतं. अब्बा गेले तेव्हा मी पाचवीत होतो, भाईजान आठवीत. त्यांनी शाळा सोडली आणि पाना हातात घेतला. माझं डिग्री कॉलेज, बीएड, सगळं त्या पान्यावर झालं. आज मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मोहल्ल्यात मला लोक 'सर' म्हणतात आणि त्यांना 'मिस्त्री'. या दोन शब्दांमधलं अंतर मला इतकी वर्षं फारसं टोचलं नव्हतं. या इंजिनाने ते टोचायला लावलं.

विमानांचा नाद मला कॉलेजपासून. आधी माझ्याकडे एक लहान मॉडेल होतं. त्याचं ग्लो इंजिन मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालायचं. ते इंधन महाग, आणि गावात मिळायचं नाही. मग हा छंद सोडणाऱ्या एका गृहस्थांकडून मोठं विमान स्वस्तात मिळालं, पण इंजिनाशिवाय. पायपर जे-३ कब या जुन्या अमेरिकन विमानाचं ते चौथाई मापाचं मॉडेल. खऱ्या कबचे पंख टोकापासून टोकापर्यंत १०.७ मीटर, माझ्या मॉडेलचे सुमारे २.७ मीटर. दिवाणखान्यात आडवं ठेवलं तर घरात पाहुण्याला जागा नाही. बायकोने एकदाच विचारलं, "ईदच्या आधी हे उडणार ना?"

माझ्या मनात ५५ सीसीचं इंजिन होतं. मोठं विमान, मोठं इंजिन, असा माझा हिशोब. भाईजाननी दोनच प्रश्न विचारले. विमान भरून किती वजनाचं होणार? आणि ते उडतं कसं, जोरात की हलू? मी म्हणालो, साधारण ८ किलो, आणि कब म्हणजे सावकाश तरंगणारं विमान. खरं कबही ६५ अश्वशक्तीवर उडायचं. "तो फिर ५५ किसके वास्ते? लोगांको दिखाने?"

उत्तर नव्हतं. ५५ सीसीचं इंजिन ३० सीसीपेक्षा जवळपास अर्धा किलो जड, त्याचा धक्का मोठा, आणि तो सोसायला विमानाचं नाक त्या मापाने बांधलेलं नव्हतं. मी शेवटचा मुद्दा काढला. कबचं नाक आखूड असतं, शेपूट जड पडते, मग पुढे वजन लागणारच. भाईजान म्हणाले, "वजन पाहिजे तो बॅटरी पुढं सरका. इंजन क्यों बढाता?" पुढे तसंच केलं. इग्निशनची बॅटरी नाकात बांधली आणि विमान बरोबर खुणेवर तोललं गेलं.

गवत कापायच्या यंत्राचं जुनं इंजिन फुकट द्यायलाही ते तयार होते. कल्पना वेडी नव्हती. मोठ्या मॉडेलांची पेट्रोल इंजिनं मुळात याच घराण्यातली. पण त्या इंजिनावर मॅग्नेटोचं जड चाक असतं, आणि पंखा बसवायला लेथवर वेगळा हब करून घ्यावा लागतो. तो केसभर जरी वाकडा फिरला, तरी सगळं विमान थरथरतं. शेवटी दोन वर्षांच्या बचतीतून विमानासाठीच बनवलेलं ३० सीसीचं इंजिन मागवलं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि सायलेन्सर धरून सव्वा किलोच्या आत.

खोकं उघडल्यावर भाईजाननी आधी कार्बोरेटर पाहिला. पडद्याचा. "ये तो आपलाच है," म्हणाले. फवारणी पंपात असतो तसाच. इंजिनाच्या धडधडीवर आतला पडदा हलतो आणि पेट्रोल स्वतःच ओढतो, विमान उलटंपालटं झालं तरी.

बरोबरचं पुस्तक इंग्रजीत होतं. ठरलं असं, की रोज असरनंतर मी वाचायचं, आमच्या बोलीत सांगायचं, आणि भाईजाननी हात चालवायचा. कागदाचा साचा कापून नाकाच्या प्लायवूडवर चार भोकं मारली. मागून टी-नट, पुढे बोल्ट, प्रत्येक बोल्टला आटे पकडणारा डिंक. इंजिनाचं तोंड उजवीकडे दोन अंश वळवायचं असतं, कारण पंख्याच्या फिरण्याने विमान डावीकडे ओढ घेतं. भाईजाननी त्यासाठी वॉशर घातले, आणि पुस्तकात नव्हतं ते सांगितलं. तोंड उजवीकडे वळलं की पंखा झाकणाच्या मधोमध राहणार नाही, म्हणून सगळं इंजिन आधी थोडं डावीकडे बसवू. इग्निशन रेडिओच्या रिसिव्हरपासून ३० सेंटिमीटर लांब ठेवली. थ्रॉटलची काडी धातूची न घेता नायलॉनची घेतली. गरम हवा बाहेर पडायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा दुपटीहून मोठी कापली. पंखा १८ बाय ८, म्हणजे व्यास १८ इंच आणि एका फेऱ्यात, हिशोबाने, ८ इंच पुढे.

राहिली पेट्रोलची टाकी. ती मी एकट्याने, घरी केली. जुन्या ग्लो विमानाची सिलिकॉनची नळी पडून होती, तीच घातली. भाईजाननी नळी चिमटीत दाबून पाहिली. "ये पेट्रोलमें टिकती क्या रे?"

मी घाईत होतो. म्हणालो, "तुमको नै समझता भाईजान. ये विमान है, फवारेका पंप नै."

ते काही बोलले नाहीत. नळी सोडून हात पुसला.

रविवारी माळावर गेलो. सरकारी नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात असल्याची खात्री केली होती. १ लिटर पेट्रोलला ३३ मिली टू-स्ट्रोक तेल. शेपूट खुंटीला बांधली, जाड हातमोजा घातला. चोक लावून चार झटके, एक 'फट्', चोक काढून पुन्हा दोन झटके, आणि इंजिन बोलायला लागलं. भाईजाननी डोळे मिटून ऐकलं आणि मोठी सुई जराशी उघडली. पेट्रोल थोडं जास्तच जाऊ दे, पहिल्या दिवशी इंजिन उपाशी ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं. दोन उड्डाणं झाली. पिवळं विमान उसावरून इतकं सावकाश गेलं, की माळावर खेळणारी पोरं त्याच्याबरोबर धावत होती.

तिसऱ्या उड्डाणात, ऊस ओलांडताना इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. समोर पोरं उभी होती. ८ किलोचं विमान, आवाज नाही. माझ्या बोटांतली ताकदच गेली. भाईजान ओरडले, "पोरांनो, मागं!" आणि मला हळूच, "पडीकमें ले. हलू." कबचे पंख मोठे, म्हणून ते तरंगत आलं. पडीक शेतात उतरलं, चाकांची तार वाकली, पंख्याचं एक पातं मोडलं. कुणाला खरचटलंही नाही. अल्लाहचा शुक्र.

गॅरेजमध्ये टाकी उघडली. आतली नळी फुगून, मऊ होऊन पितळी नळकांड्यावरून निसटली होती. मिथेनॉलमध्ये सिलिकॉन वर्षानुवर्षं टिकतं, पेट्रोलमध्ये फुगतं. भाईजाननी तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "फूल गई," एवढंच म्हणाले.

इशानंतर मी पुन्हा गॅरेजवर गेलो. शटर अर्धं खाली होतं. म्हणालो, "भाईजान, माफ करो. उस दिन जो बोल्या..."

"माफी बादमें," ते म्हणाले. "पहले वो किताब पूरी पढके सुना. टाकीका पान तूने छोडा था."

खरं होतं. टाकी मला येते असं समजून ते पान मी वाचलंच नव्हतं. त्यांनी मोजलं होतं. मी कुठून कुठं उडी मारली, हे वाचता न येणाऱ्या पुस्तकातही त्यांना कळलं होतं, आणि तरी त्यांनी मला वर्गातल्या पोरासारखं उभं केलं नव्हतं. मी मात्र त्यांच्या एका साध्या प्रश्नावर त्यांना गप्प बसवलं. शाळेत एखादं पोर असा प्रश्न विचारतं, तेव्हा मी काय करतो, हे त्या रात्री मला आठवत राहिलं. आठवून बरं वाटलं नाही.

पान उघडलं. तिसऱ्याच ओळीत होतं : सिलिकॉनची नळी वापरू नये, पेट्रोलला टिकणारीच वापरावी. मी मोठ्याने वाचलं, मग आमच्या बोलीत सांगितलं. भाईजाननी मान हलवली. "आगे पढ," म्हणाले.

नवी पिवळी नळी आता टाकीत आहे. विमान उडतं. इंजिनाचं ते पुस्तक गॅरेजमध्येच असतं, टाकीच्या पानावर तेलकट अंगठ्याचा ठसा आहे. तो माझा नाही.