पानातलं पाणी

बेळगावहून जांबोटी मागे टाकून कणकुंबीच्या वाटेला लागलं की हवाच बदलते. मलप्रभेचा उगम इथलाच. ती पूर्वेला वाहते, तर याच रानातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. मार्चमध्ये मामांकडे गेलो होतो. सोबत कॉलेजात भूगोल शिकणारी माझी मुलगी.

काजूच्या बागेत उभं राहून तिनं मोबाइलवर या रानाचा नकाशा दाखवला. कुठे निळा, कुठे तांबडा. सेंटिनेल-२ हे युरोपचे उपग्रह दर ५ दिवसांनी इथली चित्रं घेतात. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं, पण १.६ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश पानातलं पाणी शोषून घेतं. पान सुकलं की तो जास्त परततो. दोन्हींची तुलना केली की रान कुठे सुकतंय ते समजतं. आपल्या रिसोर्ससॅटलाही असा डोळा आहे.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. जांभळीचं पान चुरगाळून तिच्या हातावर ठेवलं. "वर ओलं आहे, ते मलाही दिसतंय गं. पण खाली बघ की!"

पायाखालचा पाचोळा पापडासारखा मोडत होता. मार्च २०२३ मध्ये पलीकडे म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. त्या रात्री मामांनी याच बागेत जागून काढल्या होत्या. आपल्याकडचा वणवा शेंड्यावरून नाही, जमिनीवरून धावतो.

मुलगी थोडी हिरमुसली. दाट झाडीखालचा पाचोळा या नकाशाला दिसत नाही, हे तिनं कबूल केलं. पावसाळ्यात ढगांआडचंही दिसत नाही. त्याला रडार लागतं. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार ते काम करतो, पण पाचोळा सुका की ओला, हे तोही सांगणार नाही.

मामा मात्र विचारात पडले होते. "हे तांबडं म्हणजे पानगळीचं रान ना? पान सुकलं, म्हणजे आता तिथंच गळणार. कुठं आधी तांबडं होतंय तेवढं सांगत जा. तिकडची जाळरेषा आधी झाडून घेतो."

त्या संध्याकाळी तिघांनी मिळून बागेच्या वरच्या अंगाचा पाचोळा खराट्यानं ओढला. आता नवं चित्र आलं की मुलगी कणकुंबीला फोन लावते. "आजोबा, या खेपेला ओढ्याच्या पलीकडे." आणि मामा खराटा उचलतात.