फियाट, आज्जी आणि बेल्ट

आमच्या अक्कलकोटच्या घरी गाडीला गाडी म्हणत नाहीत. 'फियाट काढ', 'फियाट पूस', 'फियाटला ऊन लागतंय बघ'. कागदावर ती 'प्रीमियर पद्मिनी' आहे, पण १९८६ साली आजोबांनी घेतली त्या दिवसापासून ती फियाटच. माझ्या पुण्यातल्या हॅचबॅकला असलं काही नशिबात नाही. ती नुसती 'तुझी ती कार'.

आजोबांचं आडत दुकान होतं. त्या काळी पैसे घेऊन गेलं आणि गाडी घेऊन आलं असं होत नसे. नंबर लावायचा आणि वाट बघायची, ती पण वर्षानुवर्षं. गाडी मिळाली तेव्हा पप्पा कॉलेजात होते. आजोबा दर गुरुवारी तिला वटवृक्ष मंदिरापाशी नेत आणि स्वामींना नमस्कार करून, गावातून एक चक्कर मारून परत आणत. बाकी दिवस ती अंगणात. आजोबा गेल्यावर गुरुवारची चक्कर पप्पांकडे आली. माझ्याकडे विकांताला येते, म्हणजे मी घरी आलो तर.

सोलापूरकरांना या गाडीचा जरा जास्तच पुळका असतो, आणि त्याला कारण आहे. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. १८८२ साली जन्मले ते इथेच. जहाजं, विमानं आणि मोटारी, तिन्ही या देशात बनल्या पाहिजेत म्हणून हट्टाला पेटलेला माणूस. १९४४ मध्ये कंपनी काढली, कुर्ल्याला कारखाना टाकला, आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार होऊन जी गाडी आली तीच नावं बदलत बदलत १९७०च्या दशकात 'पद्मिनी' झाली. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हा पप्पांनी पेपरातलं कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मी विचारलं, 'हे काय?' तर म्हणाले, 'असू दे की.' असो.

तर मुद्दा फियाटचा नाही, बेल्टचा आहे. म्हणजे दोन्हीचा.

आमच्या फियाटला सीट बेल्ट नाहीत. तुटले, काढले असं काही नाही. मुळात नव्हतेच. पुढे एक सलग लांब सीट, गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे चालकाशेजारी दोघं आरामात मावतात. (लहानपणी मी मधे, आज्जी दाराकडे. मधल्या जागेचं भाडं म्हणजे चोक ओढायचा मान.) पुढच्या सीटचे बेल्ट आपल्याकडे सक्तीचे झाले ते नव्वदच्या दशकात. आणि नियमाची भाषा अशी की ज्या गाडीला बेल्ट दिलेले आहेत, त्या गाडीत ते लावले पाहिजेत. आमच्या गाडीला दिलेच नाहीत, तर लावणार काय? १९४-ब कलमाखाली बेल्ट न लावल्याचा दंड १,००० रुपये आहे, तो माझ्या कारमध्ये मला होऊ शकतो. फियाटमध्ये पप्पा मोकळे! ही पळवाट पप्पांना तोंडपाठ आहे.

माझ्या कारमध्ये बसले की मात्र त्यांची पंचाईत होते. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना बेल्ट न लावल्यास टिंग टिंग करणारी घंटी सक्तीची आहे. पप्पांनी त्यावर अस्सल सोलापुरी उपाय काढला. बेल्ट पाठीमागून घेऊन खाचेत अडकवायचा आणि त्याच्यावर बसायचं. घंटी गप्प, पप्पा खूश. मी वैतागायचो, पण मनातून वाटायचं की आपल्या बापाचं डोकं भारी आहे. नंतर कळलं की यात काही नवल नाही. नुसत्या खाचेत घालायची खोटी क्लिप राजरोस विकली जात होती. २०२३च्या मे महिन्यात सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाईन दुकानांना ती विकणं बंद करायला लावलं. काढून टाकलेल्या जाहिराती किती? १३,११८. घंटी बंद करण्यासाठी माणसं पैसे मोजत होती, मंडळी.

आणि मी तरी कुठला साधू? हापिसच्या कॅबमध्ये मागच्या सीटवर मी चार वर्षं बेल्ट लावला नव्हता. मागच्या सीटवर बेल्ट असतो का, असा प्रश्नसुद्धा पडला नव्हता. पांढऱ्याशुभ्र सीट कव्हरखाली त्याची खाच पुरलेली असते, आणि ती शोधायला गेलं की ड्रायव्हर आरशातून 'हे साहेब नवीन दिसतात' असं बघतो.

झालं असं. गेल्या वर्षी जूनमध्ये आज्जीला मोतीबिंदूच्या तपासणीसाठी सोलापूरला न्यायचं होतं. माझी कार सर्व्हिसिंगला पुण्यात, मी रेल्वेने आलेलो. आज्जी म्हणाली फियाटनेच जाऊ, हिच्यात पाय मोकळे सोडून बसता येतं. पप्पा मागे, आज्जी पुढे, मी चालवायला. जाताना मस्त गेलो.

हा रस्ता पूर्वी दुपदरी होता. चाळीसेक किलोमीटर, बाभळी, मधे कुंभारी, वळसंग, पुढे एसटी असली की तिच्या मागे गुपचूप चालायचं. फियाट त्या रस्त्याच्या मापाची होती. पन्नासच्या वर कोणी जातच नसे, तर बेल्टची आठवण कोणाला येणार? आता चौपदरी झालाय, मधे दुभाजक, आणि कर्नाटकातून, मुंबईहून येणाऱ्या भक्तांच्या मोठमोठ्या गाड्या शंभरने जातात. गाडी आहे तिथेच राहिली, रस्ता तिच्या खालून निघून गेला.

परत येताना वळसंगच्या पुढे संध्याकाळ झाली होती. मी साठने चाललो होतो. आणि समोरून, आमच्याच बाजूने, एक मोटारसायकल उलटी येत होती, दिवा न लावता. (दुभाजकाचं पुढचं तोंड अर्ध्या किलोमीटरवर असलं की लोकांना तेवढं लांब जायचा कंटाळा येतो.) मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. चारही चाकांना ड्रम ब्रेक, गाडी डावीकडे ओढली गेली, आणि रेक्झिनच्या सीटवरून आज्जी साबणासारखी पुढे सरकली. माझा डावा हात आपोआप तिच्या छातीसमोर गेला. मोटारसायकलवाला निघून गेला, थांबलासुद्धा नाही. कुणाची कुणाला धडक नाही, काही नाही. फक्त ब्रेक.

आज्जीचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. भुवईच्या वर दोन टाके पडले. माझं मनगट महिनाभर सुजलेलं होतं, की-बोर्डवर उजव्या हाताने काम करत होतो.

तो डाव्या हाताचा आडवा दांडा आमच्या घरात पिढीजात आहे. आजोबा पप्पांना तसं धरायचे, पप्पा मला. ब्रेक लागला की हात आलाच. मला लहानपणी खरंच वाटायचं की हा हात आहे तोवर काही होत नाही. त्या रात्री झोप येईना, म्हणून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित उघडलं. आज्जीचं वजन ४८ किलो. नुसत्या जोरदार ब्रेकला, सहा दशांश जी धरा, तिला मागे धरून ठेवायला जवळजवळ २९ किलोचा जोर लागतो. एका आडव्या हाताला तेवढाही झेपला नाही, हे मनगट सांगतच होतं. आता धडक धरू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १४ मीटर. गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर १४ जी. आज्जीला धरून ठेवायला लागणारा जोर पावणेसातशे किलोच्या आसपास. मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला. पाठीवर ज्वारीची पोती वाहणाऱ्या हमालालाही हे जमायचं नाही, आणि आम्ही तीन पिढ्या हाताने करत होतो.

वर आमच्याकडचा नेहमीचा युक्तिवाद आहेच, 'जुन्या गाडीचा पत्रा बघ, नवीन गाड्या म्हणजे डबे'. मीही हे कॅन्टीनमध्ये ठासून सांगितलेलं आहे. २००९ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची शेवरोले मालिबू समोरासमोर आपटवली. तो व्हिडिओ जरूर बघा. जुन्या धिप्पाड गाडीत चालकाची जागाच चेमटून गेली, नवीन गाडीचं नाक चेपलं पण आतली खोली जागेवर राहिली. नाक चेपण्यासाठीच असतं. ते धक्का खातं, आणि बेल्ट माणसाला त्या खोलीत धरून ठेवतो. गंमत म्हणजे आजचा तीन टोकांचा बेल्टही १९५९चाच. व्होल्वोच्या निल्स बोलिन नावाच्या इंजिनिअरने केलेला, जो त्याआधी लढाऊ विमानांच्या वैमानिकांना बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करायचा. कंपनीने पेटंट इतरांना वापरायला खुलं ठेवलं. म्हणजे आमची फियाट बनली तेव्हा बेल्ट सत्तावीस वर्षांचा होता, माझ्याएवढा. फक्त कुर्ल्यापर्यंत पोचला नव्हता.

मागच्या सीटचं तर विचारूच नका. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री मागच्या सीटवर होते, बेल्ट न लावता. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले. त्याच २०२२ वर्षात बेल्ट न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसं गेली असं रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो, आणि त्यातले जवळजवळ निम्मे चालक नव्हते, नुसते बसलेले होते. आमच्या अपघातात पप्पा मागे होते. त्यांचा गुडघा पुढच्या सीटवर आपटला, एवढंच. आमचं नशीब.

पुढच्या विकांताला मी फियाट मिस्त्रींकडे घेऊन गेलो. आमच्या फियाटचे मिस्त्री म्हणजे सत्तरीचे चाचा, तिचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगतात. म्हटलं, 'चाचा, बेल्ट लावून द्या. पुढे दोन, मागे दोन.' मला वाटलं दोन तासांचं काम.

चाचा हसले. 'बेल्ट काय, लावतो की. आज लावतो. पन धरनार कशाला?'

मला कळेना. त्यांनी चटई उचलली, स्क्रू ड्रायव्हरचं टोक फरशीच्या पत्र्याला लावलं आणि नुसतं दाबलं. ते आरपार गेलं. बिस्किटातून जावं तसं. खालची माती दिसली.

मग त्यांनी मला नीट समजावलं. बेल्टची ताकद पट्ट्यात नसते, तो जिथे बोल्टने आवळलाय तिथे असते. दोन टोकं फरशीला, एक दाराच्या मधल्या खांबाला. नव्या गाडीत त्या जागी आतून जाड पट्टी जोडलेली असते. इथे ती नाही, खांब पोकळ, फरशी गंजलेली. पावणेसातशे किलोचा झटका बसला तर बोल्ट पत्र्यासकट उपटून येणार. 'दिसायला बेल्ट दिसंल बघ. तुमी निर्धास्त साठनं जाल. त्येच्यापेक्षा नसलेला बरा की.'

मी सॉफ्टवेअरवाला. डेमोपुरतं बटण लावायचं आणि मागे काहीच जोडायचं नाही, हा प्रकार आम्ही रोज करतो. त्या क्षणी पप्पांची पाठीमागून घेतलेली क्लिप आणि माझे हे हौसेचे चार बेल्ट, दोन्ही एकाच जातीचे वाटायला लागले.

चाचांनी खर्च सांगितला: फरशी नवीन, खांबाला आतून पट्ट्या, सीट उतरवून सगळं वेल्डिंग, मग रंग. आकडा असा की त्यात एक बरी सेकंडहँड कार येईल. शिवाय दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायची, वीस वर्षांवरच्या मोटारींची ती फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. व्हिंटेजचा कागद मिळायला पन्नास वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे २०३६. मी पप्पांना बिचकतच विचारलं, 'विकायची का?'

पप्पा काही बोलले नाहीत. जेवण झालं, पान झालं. मग आज्जीच म्हणाली, भुवईवरच्या टाक्याला हात लावत, 'तुझ्या आजोबानं हिच्यापायी माझ्या पाटल्या मोडल्या होत्या. ते तेवढं ध्यानात ठिवून विका.' हे पप्पांनाही माहीत नव्हतं. त्यावर कोणाला बोलायला काही राहिलं नाही.

सध्या असं ठरलंय. फियाट गावाच्या वेशीबाहेर जात नाही. गुरुवारची चक्कर चालू आहे, तिसऱ्या गिअरच्या वर नाही, आज्जी मागे बसते आणि कुरकुरते की मागे पाय मोकळे सोडता येत नाहीत. सोलापूर, गाणगापूर, लग्नंकार्यं सगळं माझ्या कारने, किंवा मी नसलो तर भाड्याच्या गाडीने. भाड्याच्या गाडीत पप्पा आधी मागच्या सीटचं कव्हर वर करून खाच शोधतात. ड्रायव्हर वैतागला तर त्याला वालचंद हिराचंदपासून सुरुवात करून सगळं ऐकवतात. (मला फोनवर हे आज्जीने सांगितलं.)

फरशीचं काम दिवाळीनंतर बघू म्हणालेत. कुठल्या दिवाळीनंतर ते विचारलं नाही.