एका स्तंभात न मावणारी आकृती

जानेवारीतली रात्र, साडेअकरा वाजलेले. लीड्समधल्या भाड्याच्या खोलीत मी लेखावर शेवटचा हात फिरवत होतो. करार संपायला तीन महिने उरले होते. पुढच्या नोकरीच्या अर्जात हा लेख दाखवायचा होता आणि आकृती २ काही केल्या जागेवर बसत नव्हती.

आमच्याकडे लेख लाटेकमध्ये लिहितात, पानावर दोन स्तंभ. 'नेचर'मध्ये एक स्तंभ ८९ मिलिमीटरचा आणि पूर्ण रुंदी १८३. मधे उरते ती ५ मिलिमीटरची गल्ली. माझ्या आकृतीत सहा आलेख शेजारीशेजारी. एका स्तंभात कोंबले तर अक्षांवरचे आकडे मुंगीएवढे दिसत. म्हणून 'फिगर'पुढे तारांकन देऊन आकृती दोन्ही स्तंभांवर पसरवली, तर ती पुढच्या पानावर, थेट संदर्भसूचीच्या डोक्यावर जाऊन बसली. 'इथेच राहा' सांगणारा 'एच'ही तिने जुमानला नाही.

साताऱ्यात पहाटेचे पाच. बाबा उठलेलेच असतात. त्यांनी वीस वर्षं एका छापखान्यात खिळे जुळवले. मी नेमकं काय करतो, हे मात्र मला त्यांना कधीच धड सांगता आलं नव्हतं. वैतागून व्हिडिओवर पान दाखवलं.

"दोन कॉलमी ब्लॉक आहे की हा," ते म्हणाले. "कॉलम भरत आल्यावर ब्लॉक मागतोयस, तो बसणार कुठे? आधी माथ्यावर ब्लॉक लावायचा, मग खाली मजकूर सोडायचा."

लाटेकची अडचण नेमकी हीच. ते एकामागून एक स्तंभ भरत जातं. मजकुरात रुंद आकृती भेटते तोवर त्या पानाचा माथा हातचा गेलेला असतो, म्हणून ती पुढच्या पानाच्या माथ्यावर जाते. उपाय एवढाच, की मूळ फाइलमध्ये आकृतीचा आदेश एक पान आधी द्यायचा. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७मध्ये टेकचं काम हाती घेतलं, तेही त्यांच्या पुस्तकाची नव्या तंत्राची मुद्रितं जुन्या खिळ्यांच्या छपाईपुढे फिकी वाटली म्हणून. बाबांचा धंदा माझ्या फाइलीत आधीपासूनच होता.

आदेश चार परिच्छेद वर नेला. आकृती २ तिच्या उल्लेखाच्या पानावर आली.

"आता बसला," बाबा म्हणाले. मग चष्मा पुसून स्क्रीनजवळ आले. "या रेघा कसल्या आहेत रे?"

साडेबारापर्यंत मी तेच सांगत होतो.