पाणी कुठे जाते?

मराठीच्या प्राध्यापकांनी मोटारीवर लिहावे हे काही सज्जनांना रुचणार नाही. आमच्या विभागांत गाडीचा विषय निघाला की तो पेट्रोलच्या भावापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. तरीही गेली नऊ वर्षे आमच्या मिळकतीचा आणि काळजीचा मोठा वाटा जिने खाल्ला, तिच्याविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आम्ही म्हणजे आम्ही दोघे : एकाच विषयात एम. ए. झालेले, बीडच्या दोन महाविद्यालयांत शिकवणारे आणि पालीला घर बांधून राहिलेले पतीपत्नी.

पाली सोलापूर–धुळे महामार्गावर आहे. जवळच बिंदुसरेचे धरण, पुढे बालाघाटाची रांग आणि मांजरसुंब्याचा घाट. एस. टी. आहे, जीपा आहेत. मोटारीवाचून आमचे अडले होते असे नाही. पण आबांचे गुडघे धरले आणि एस. टी.ची पायरी त्यांना चढवेना. म्हणून २०१६ साली पतसंस्थेचे कर्ज काढून आम्ही सहा लाख चाळीस हजारांची एक पेट्रोल गाडी घेतली. त्याच दिवशी एक दोनशेपानी वहीही घेतली. गाडीचा पै-पैसा तीत लिहायचा, असे ठरले.

ती वही आज वाचताना लक्षात येते की आम्ही ज्याला खर्च समजत होतो तो खर्चाचा एक भागच होता. नव्वद हजार किलोमीटरांत पेट्रोलला पाच लाख चौतीस हजार गेले. विम्याला एक लाख वीस हजार, कर्जाच्या व्याजाला एक लाख, देखभाल-दुरुस्तीला एक लाख नव्वद हजार. आणि जो कुठल्याच पावतीवर येत नाही तो खर्च : आज ही गाडी विकायची म्हटले तर अडीच लाख येतात, म्हणजे तीन लाख नव्वद हजार नुसते उभ्या उभ्या झिजले. सगळे मिळून किलोमीटरला पंधरा रुपये पडले. आम्ही मात्र नऊ वर्षे ‘लिटरला सोळा जाते’ एवढेच अभिमानाने सांगत आलो.

दुरुस्तीची पाने अधिक बोलकी आहेत. चौथ्या वर्षी बॅटरी. पंचेचाळीस हजारांवर चारही टायर. खड्ड्यांनी खाल्लेली पुढच्या चाकांजवळची रबरी बुशे, दोनदा. साठ हजारांवर क्लचप्लेट. एका पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. यांतले काहीच अपघाताने घडलेले नाही. ही झीज आहे, आणि नेहमीच्या विम्यात झीज किंवा यांत्रिक बिघाड धरला जात नाही, हेही आम्हांला पॉलिसी दुसऱ्यांदा वाचल्यावर कळले.

पाचव्या वर्षी गाडी थरथरू लागली आणि समोरच्या फलकावर इंजिनाचे पिवळे चित्र उजळले. वर्गात अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवणारे आम्ही त्या एका चिन्हापुढे निरक्षर होतो. पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्या आवाजाने, वासाने, धुराने आपले दुखणे सांगत. आताची गाडी आधी स्वतःशी नोंद करते आणि आपल्याला नुसता दिवा दाखवते. फाट्यावरच्या मिस्तरींनी यंत्र जोडले. ‘पी ०३०२’ अशी अक्षरे उमटली. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. का पेटत नाही, ते यंत्र सांगत नाही. मिस्तरींनी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर बसवली, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि गाडी फिरवून आणली. आता ‘पी ०३०३’ आले. “दोष जागेचा नाही मॅडम, कॉइलचा हाय. ती गेली तिथं दोष गेला.” पाठचिकित्सेची इतकी स्वच्छ रीत आम्ही विद्यार्थ्यांना क्वचितच दाखवली असेल.

याच मिस्तरींनी २०२३च्या पावसाळ्यानंतर आम्हांला बजावले होते. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची पातळी उतरत होती. थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या घराला बारीक तडा होता, कडेला वाळलेला पांढरट डाग. बदलायला बत्तीसशे रुपये. उत्तरपत्रिका आल्या होत्या, दिवाळी तोंडावर होती. आम्ही म्हणालो, पुढच्या महिन्यात. रोज सकाळी बोअरचे पाणी टाकीत ओतू लागलो. मिस्तरींनी ते पाहिले तेव्हा एवढेच म्हणाले, “सर, पिती म्हणून पाजत नका राहू. पाणी कुठं जातंय ते बघा.”

दिवाळीच्या आधी अंबाजोगाईहून आत्यांचा निरोप आला. आबांची ही थोरली बहीण; दवाखान्यात होती, भावाला बघायचे म्हणत होती. आम्ही तिघे निघालो. मुकुंदराज-दासोपंतांच्या गावी आम्ही एरवी चर्चासत्रांना जात असू. त्या दिवशी गाडीत कोणी बोलत नव्हते. मांजरसुंब्याचा घाट निम्मा चढलो असू आणि लाल दिवा लागला. आमच्या गाडीला तापमानाची सुई नाही, दिवाच आहे. आणि तोही उशिरा लागला. उष्णता मोजणारा संवेदक पाण्यात बुडालेला असतो. पाणीच निघून गेले तर तो खरी उष्णता सांगू शकत नाही. तेव्हा तरी थांबायचे होते. ‘घाट संपू दे, वर थांबू’ असे म्हणून आम्ही ती आणखी दोनेक किलोमीटर ओढली. मग झाकणाखालून वाफ आली आणि इंजिन बंद पडले.

पाऊण तास आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. मागून एस. टी. आली. आबांनीच हात केला. वाहकाने वरून हात दिला आणि ज्या पायरीसाठी आम्ही गाडी घेतली होती ती पायरी ते चढले. “तुम्ही बसा गाडीपाशी. मी जातो पुढं,” एवढेच म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

ते संध्याकाळपर्यंत पोचले. आत्यांनी त्यांना ओळखले. दोघे बराच वेळ बोलत बसले होते म्हणे. रात्री आत्या गेल्या. आम्ही सकाळी पोचलो, तेव्हा अंगणात माणसे जमली होती.

अति तापल्याने इंजिनाचा अॅल्युमिनियमचा माथा वाकला होता आणि त्याखालचे गॅस्केट फुटले होते. माथा यंत्रावर सपाट करून घेणे, नवे गॅस्केट, गाडी ओढून आणणे, मजुरी : अडतीस हजार रुपये. नऊ वर्षांच्या दुरुस्तीचा नेमका पाचवा हिस्सा. बोअरच्या क्षारांनी आतल्या वाटाही धरल्या होत्या. नळाचे किंवा बोअरचे पाणी तिथे का घालू नये, हे मिस्तरींनी पुन्हा शांतपणे समजावले.

आता आम्ही सकाळी टाकीतली पातळी बघतो, उतरली तर कारण शोधतो, दिवा लागला तर थांबतो. हे शहाणपण फार मोठे नाही आणि वेळेवर आलेलेही नाही. वही चालूच आहे. तिच्यात त्या दिवसाच्या पानावर अडतीस हजारांच्या वर आणखी एक नोंद आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी.चा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, म्हणून ती आबांनी स्वतः सांगून लिहून घेतली : ‘मांजरसुंबा ते अंबाजोगाई, एस. टी., रुपये ०.’