ज्यांच्याशी आपली ओळख नाही

होटगीत वाढणाऱ्या मुलाच्या कानावर एकाच दिवसात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी पडते. जंक्शनवरून एक गाडी विजापूरकडे वळते, दुसरी गुलबर्ग्याकडे जाते. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची घरं आहेत. 'पडोसन' (१९६८) मधला मेहमूदचा दाक्षिणात्य गाणंमास्तर पाहून आमच्याकडेही हशा पिकतो. पण दक्षिणेकडची माणसं अशीच असतात, असं इथं कुणी धरून चालत नाही. शेजारचा माणूसच त्या नकलेला रोज खोटं पाडतो.

चित्रपट आणि पूर्वग्रह हा माझा शिकवण्याचा विषय. पहिल्या तासाला मी मुलांना हेच सांगतो की, जिथं प्रत्यक्ष ओळख नसते तिथं पडद्याचं सगळ्यांत जास्त चालतं.

याचा पुरावा जुना आहे. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ एल. एल. थर्स्टन आणि त्यांच्या सहकारी रूथ पीटरसन यांनी इलिनॉयमधल्या एका लहान गावातल्या शाळकरी मुलांना ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' (१९१५) दाखवला. त्यात कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या मुलीच्या मागे लागलेलं जनावर आहे आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचे बुरखेधारी तारणहार. चित्रपटाआधी आणि नंतर मुलांची मतं तपासली, तर कृष्णवर्णीयांबद्दलचं मत चांगलंच घसरलेलं होतं. पाच महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही त्यातला बराचसा परिणाम टिकून होता. त्या गावात कृष्णवर्णीय माणसं जवळजवळ नव्हतीच. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाची दुसरी बाजूही आहे. चिनी माणसाकडे सहानुभूतीनं पाहणारा 'सन ऑफ द गॉड्स' दाखवल्यावर मुलांचं चिनी लोकांबद्दलचं मत सुधारलं. म्हणजे पडदा विष पेरतो, तसा तो उतरवूही शकतो.

आता सोलापुरात या. इथं 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींच्या माणसांना इथं तारेच्या कुंपणात डांबलं. जन्मलेलं पोरसुद्धा कायद्याच्या लेखी गुन्हेगार. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. कुंपण गेलं, पण त्या घरांत जाऊन चहा घेतलेली बाहेरची माणसं आजही थोडीच आहेत. ओळखीची ती जागा रिकामी राहिली आणि अफवांनी, पोलिसांच्या नोंदींनी, पडद्यावरच्या चोरांनी ती भरली. काळासावळा रंग, विस्कटलेले केस म्हणजे गुंडाचा साथीदार, आणि गोरा चेहरा म्हणजे नायिका, हे कितीतरी वर्षं कुणाला खटकलंही नाही. थर्स्टनना आणखी एक गोष्ट आढळली होती. एकेकट्यानं फारसा फरक न पाडणारे चित्रपट एकाच विषयावर लागोपाठ पाहिले, तर त्यांचा परिणाम साचत जातो. आपल्याकडे तो पिढ्यान् पिढ्या साचला आहे.

याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' (२०१३) केला, तो या साचलेल्या थराखालून. जब्या कैकाडी पोरगा, शालूवर जीव जडलेला. त्याच्या बापाला, कचरूला, गावातली डुकरं धरावी लागतात. मी हा चित्रपट अनेकदा गावांतून दाखवला आहे. डुकरामागे धावणाऱ्या त्या कुटुंबाला पडद्यावरचा गाव हसतो, तेव्हा प्रेक्षकही हसतात. मग राष्ट्रगीत सुरू होतं, ते कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटून जातं. पुढे मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ती माणसं फुले, सावित्रीबाई, आंबेडकरांची चित्रं रंगवलेल्या भिंतीसमोरून जातात, तोवर बसलेल्या लोकांत चिडीचूप झालेली असते. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. मघाशी आपण कुणाच्या बाजूनं हसत होतो, हे तेव्हा प्रत्येकाला कळतं. हे काम कुठलंही भाषण करू शकत नाही.

तरी एवढ्यानं भागत नाही. मंजुळे यांच्याच 'सैराट' (२०१६) मध्ये अकलूजची रिंकू राजगुरू, सावळी, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी नायिका म्हणून आली, आणि अख्खा महाराष्ट्र तिच्यावर लुब्ध झाला. त्याच चित्रपटातल्या गाण्यांवर वरातीत नाचणाऱ्या कितीतरी घरांना आजही मुलीनं दुसऱ्या जातीत केलेलं लग्न खपत नाही. चित्रपट दार किलकिलं करतो. आत जायचं की नाही, ते गप्पांवर आणि सहवासावर ठरतं.

म्हणून दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. या वर्षी आठवी-नववीच्या मुलांना 'फँड्री' दाखवा. दाखवताना भटक्या-विमुक्तांची मुलं वेगळी बसवू नका आणि चित्रपट संपल्यावर लगेच घंटा देऊ नका. सगळ्या मुलांना तासभर बोलू द्या, आणि पाच महिन्यांनी त्याच मुलांना पुन्हा विचारा.